दोन चौकांतले नाडगीर अण्णा

धारवाडात एखाद्याला गाठायचं असेल तर त्याच्या घरी म्हणून जाऊ नये, असं नाडगीर अण्णांचं ठाम मत होतं. घरी गेलं की तो माणूस हमखास बाहेर पडलेला असतो, त्याची बायको चहा टाकते, आपण भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतो आणि काम आहे तिथंच राहतं. त्यापेक्षा संध्याकाळी ज्युबिली सर्कलला जावं आणि बसप्पाच्या पेपरच्या टपरीशी उभं राहावं. "नुसतं उभं राहायचं बघा बाई. माणूस येतोय की आपोआप," ते मला म्हणत. गावाला एकच मोठा चौक. भाजी आणायची तरी तिथनं, बस धरायची तरी तिथनं. मग न येऊन जातो कुठं, असा त्यांचा सवाल असे.

आणि वैताग असा की हे खरं व्हायचं. आमच्या ह्यांची सायकल एकदा पोस्टाच्या दारातून चोरीला गेली. हे पोलीस ठाण्याकडं निघाले, तर अण्णांनी यांना सर्कलला नेऊन उभं केलं. दोन-तीन संध्याकाळी उभं राहून यांचे पाय भरून आले, घरी माझी चिडचिड सुरू झाली, आणि एके दिवशी कॅरियरवर ज्वारीचं पोतं घेऊन सायकल समोरून चालत आली. आणणारा अण्णांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं ती बाजारात कुणाकडून तरी विकत घेतली होती. अण्णांनी आधी त्याच्या आईची तब्येत विचारली, मग पीकपाणी विचारलं, आणि मग म्हणाले, "ही सायकल आमच्या शेजाऱ्यांची दिसतेय रे." बिचाऱ्यानं मुकाट्यानं पोतं उतरवलं. अण्णांनी वर त्याला चहा पाजला, आणि ते पोतं त्याच्या घरापर्यंत पोचवून मग आमचे हे सायकल घेऊन परत आले.

मळमड्डीत आमची दोघांची घरं एका भिंतीची. शाळाही एकच, मराठी माध्यमाची, दर वर्षी थोडी थोडी रिकामी होत चाललेली. ते इतिहास शिकवत, मी मराठी. त्यांच्या शर्टाच्या खिशात खडू आणि भाजके शेंगदाणे सुखानं एकत्र नांदत. दाणे देताना ते फुंकर मारून खडूची पूड उडवत आणि उरलेली पोटात गेली तर काही होत नाही म्हणून धीर देत. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि राग मात्र कुठंही असोत, कानडीतच. त्यांच्या वर्गातून कानडी ऐकू आली की शेजारच्या माझ्या वर्गातली मुलंसुद्धा ताठ बसायची.

कुठल्याही गावाचा इतिहास ते चौकापासून सुरू करत. पुस्तकात राजेरजवाडे काही का असेनात, अण्णा मुलांना मैदानात नेत आणि चुन्याच्या फक्कीनं चौक आखत. त्यात दिल्लीचा विजय चौक त्यांच्या खास मर्जीतला. मैदानाच्या वरच्या अंगाला राष्ट्रपती भवन म्हणून वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा. त्याच्या पुढं दोन्ही बाजूंना नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक म्हणून दोन उंच मुली, डोक्यावर हात जोडून घुमट केलेल्या. एकमेकांचे हात धरून गोल उभी राहिलेली पोरं म्हणजे संसद. आणि पार लांब, शाळेच्या फाटकाशी, हातांची कमान करून दोघं इंडिया गेट. मधला राजपथ मोकळा. त्यावरून अण्णा स्वतः चालत येत आणि एकेका इमारतीची झडती घेत.

"तू कुठल्या दगडाची?"

"लाल आणि पिवळसर वालुकाश्माची, सर."

"तुला बांधलं कुणी?"

"इंग्रजांनी, सर."

"आणि आता तू कुणाची?"

"आमची, सर."

यातलं काहीही त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. त्यांची धाव हुबळी नाहीतर फार तर मिरज. त्यांचा मुलगा मुकुंद आमच्याच शाळेत होता. तो कायम इंडिया गेट व्हायचा, कारण बाप कानडीवर आला तर तिथनं फाटकाबाहेर सटकायला सोपं पडे.

हा मुकुंद बी.एस्सी. झाला. अण्णांच्या मनात त्यानं बी.एड. करून आमच्याच शाळेत लागावं असं होतं. मुकुंदला शाळेचं भवितव्य आमच्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. त्यानं परस्पर दिल्लीतल्या कुठल्याशा कंपनीत नोकरी धरली आणि निघायच्या आदल्या दिवशी घरात सांगितलं. भिंत एकच, त्यामुळं पुढचं सगळं मला ऐकू आलं. मराठीत सुरू झालेलं बोलणं बघता बघता कानडीत गेलं आणि शेवटी अण्णांचा आवाज आला, "होगु. तिरिगि बरब्याड." जा, आणि परत येऊ नकोस. एकुलत्या एका मुलाला. सकाळी ते नेहमीच्या वेळेला शाळेत गेले. मुकुंदला कोपऱ्यापर्यंत पोचवायला एकट्या अक्का गेल्या. अण्णांच्या बायकोला आम्ही सगळे अक्काच म्हणत असू.

वर्षभर अक्कांच्या नावानं पत्रं आली. मग एक फोटो आला. मुकुंद कारंज्यापुढं उभा, खांद्यामागं एक घुमट. पाठीमागं लिहिलेलं, 'अप्पांना सांग, त्यांनी आखला होता तसाच आहे चौक.' बापाला तो अप्पा म्हणे. अण्णांनी तो फोटो वाचला, बघितला, पुन्हा वाचला, आणि कुणाला न विचारता खिशात ठेवला. त्यानंतर काही आलं नाही. अक्कांनी घातलेली पत्रं परत यायला लागली. माझी नणंद दिल्लीत करोलबागेला राहते. तिच्या यजमानांनी जाऊन चौकशी केली, तर ती कंपनीच बंद पडलेली, आणि तिथल्या माणसांचा कुणाला पत्ता नाही. पोलिसांनी नोंद करून घेतली. यापुढं काय करायचं असतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

अण्णांचं शिकवणं चालू राहिलं, पण मैदानातला दिल्लीचा चौक त्यांनी सोडून दिला. माणूस आतून कुरतडला जात होता आणि ते उघड दिसत होतं. एकदा मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसले. हातात तो फोटो, खडूच्या पुडीनं धुरकटलेला.

"बाई, दिल्लीलाही चौक आहे की."

मला काही कळेना.

"हा तिथं उभा राहिलाय. म्हणजे याची तिथनं जा-ये आहे. आपण जाऊन उभं राहायचं."

दिल्ली म्हणजे धारवाड नव्हे, हे मी त्यांना चार तऱ्हांनी सांगितलं. ह्यांनीही सांगितलं, की त्या चौकात नुसत्या सरकारी कचेऱ्या आहेत, दुकान नाही, भाजी नाही. "मुख्य चौक तो मुख्य चौक," अण्णा म्हणाले. "सरकारदरबारी काम कुणाला चुकलंय?" पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर त्यांच्याकडं तेवढाच एक उपाय होता आणि तो काढून घ्यायला आमची जीभ रेटेना.

ह्यांची एलटीसी, नोकरीतली प्रवासाची सवलत, शिल्लक होती. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दिल्ली-आग्रा करायचं ठरवलं, तर अण्णा आणि अक्का आमच्याबरोबर निघाले. अक्कांची एकच कुरकुर होती, "सणाला घराला कुलूप घालायचं म्हणजे कसंतरीच वाटतंय." आमच्याकडं दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन घरोघर जायचं, मोठ्यांच्या हातात ती द्यायची आणि पाया पडायचं. पान घ्या, सोन्यासारखं राहू या, एवढं म्हटलं की वर्षभराचं भांडण मिटलं असं धरतात. अण्णांच्या दाराशी तर जुन्या विद्यार्थ्यांची रीघ लागे. पण शाळेला मोठी सुट्टी तीच, आणि अण्णांना आता उन्हाळ्यापर्यंत थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे विजय चौकात गेलो. दोन्ही बाजूंना ते लाल-पिवळे प्रचंड ब्लॉक, वर राष्ट्रपती भवनाचा घुमट, उजव्या हाताला झाडांपलीकडं संसदेची गोल भिंत, आणि मागं वळून बघितलं तर सरळ रस्त्याच्या टोकाला धुक्यात इंडिया गेट. मी थक्क होऊन बघत राहिले. अण्णांचे ओठ हलत होते. प्रत्येक इमारतीचं नाव त्यांनी हजेरी घेतल्यासारखं घेतलं. मग खिशातून फोटो काढून कारंजं आणि घुमट जुळवत ते मागं-पुढं सरकत गेले, आणि एका जागी थांबले.

"इथं," ते म्हणाले. आणि सगळ्या इमारतींकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड केलं.

मीच आग्रह केला म्हणून थोडे वर चढायला आले. तिथला चढ असा आहे की आपण जसजसे पुढं जावं तसतसं राष्ट्रपती भवन खाली बुडत जातं. आधी खांब जातात, मग छत, आणि शेवटी घुमटाचा तेवढा वरचा तुकडा उरतो. एवढी मोठी इमारत, जवळ गेलं की दिसेनाशी. अण्णा एकदम थांबले. "लांबच उभं राहू या बाई," म्हणाले, आणि जवळजवळ पळतच खाली आले.

आम्ही पुढं कुतुबमिनार बघितला, लाल किल्ला बघितला, आग्र्याला जाऊन आलो. अण्णांनी यातलं काही बघितलं नाही. सकाळी करोलबागेहून बस धरून चौकात जायचं आणि अंधार पडला की परत. अक्का डबा घेऊन सोबत. एक दिवस मीही त्यांच्याबरोबर थांबले. तिथल्या हवालदाराची आणि त्यांची एव्हाना ओळख झाली होती.

"बाबूजी, आप फिर आ गये?"

"मेरा लडका इधरसेच जाता है," अण्णा म्हणाले.

"कौन से दफ्तर में है?"

"मालूम नहीं. धारवाड का है."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. "यहाँ खड़े रहने की मनाही है," तो म्हणाला, आणि रस्त्याकडेचं जांभळाचं झाड दाखवून म्हणाला, "उधर छाया में हो जाइये."

कचेऱ्या सुटल्या आणि मी घाबरले. दोन्ही ब्लॉकमधून माणसं नुसती लोटायला लागली. सायकली, स्कूटर, बसच्या दारांना लोंबकळलेली माणसं, सगळी एकाच घाईत. धारवाडात समोरून येणाऱ्याचा चेहरा बघून, ओळख पटवून, हाक मारून वर चेष्टा करायलाही सवड असते. इथं अण्णांची मान इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत होती आणि एक चेहरा बघेपर्यंत पन्नास निघून जात होते. त्यांच्या ते लक्षात आलं. माझ्यासमोर आलं. आयुष्यभराचा त्यांचा भरवसा त्या गर्दीत पायदळी जाताना मी बघितला. आणि मग हा माणूस, ज्यानं रस्त्यात कधी आवाज चढवला नव्हता, मोठ्यानं हाका मारायला लागला. "मुकुंदा! अरे मुकुंदा!" चार-दोन माना वळल्या आणि पुढं गेल्या. अक्का झाडाच्या बुंध्याशी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

दसरा तिकडंच झाला. परत आलो तेव्हा अण्णांच्या दाराच्या कडीत, कुलपात, उंबऱ्यावर वाळलेल्या बन्नीच्या पानांचा खच पडलेला. विद्यार्थी येऊन ठेवून गेले असणार म्हणून अक्कांनी पानं गोळा करून देवापुढं ठेवली. संध्याकाळी अण्णा सवयीनं सर्कलला गेले आणि लगेच परत आले. मी तुळशीला पाणी घालत होते. ते फाटकाला धरून उभे राहिले आणि त्यांना आत येता येईना.

बसप्पानं त्यांना बघताच म्हटलं होतं, "मास्तर, निम्म मगा बंदिद्द. एरड संजी इल्ले निंतिद्द." तुमचा मुलगा आला होता, दोन संध्याकाळी इथंच उभा होता.

नंतर आमच्या ह्यांनी जाऊन सगळं नीट विचारून घेतलं. दाढी वाढलेली, अंगानं सुकलेला, पण मुकुंदच. बसप्पानं त्याला चड्डीत असल्यापासून बघितलेलं. दसऱ्याच्या दिवशी हातात पानं घेऊन घरी गेला, तर घराला कुलूप. शेजारी आम्ही, तर आमच्याही घराला कुलूप. दिल्लीचं आम्ही गल्लीत कुणाला बोललो नव्हतो, त्यामुळं कुठं गेलेत कुणाला ठाऊक नाही. मग तो सर्कलला येऊन उभा राहिला. बापाच्याच जागी. अप्पा संध्याकाळी इथं येतात ना अजून, असं त्यानं बसप्पाला विचारलं. रोज येतात की, हे चार दिवसच दिसले नाहीत, येतील, बसप्पा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उभा राहिला. तिसऱ्या दिवशी आला नाही.

म्हणजे बाप दिल्लीच्या चौकात मुलाची वाट बघत होता आणि मुलगा धारवाडच्या चौकात बापाची. हे कुणाच्या वाट्याला येऊ नये. मी देवाला मानणारी बाई, पण त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला नाही.

अण्णांनी घराचं कुलूप मागच्या आडात टाकून दिलं. त्यानंतर त्या घराला कुलूप लागलं नाही. बाजारात दोघं कधी मिळून गेली नाहीत, एक जण घरी असेच. पण त्यानं त्यांना शांतता मिळाली नाही. भिंतीपलीकडं त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत. एकदा ते माझ्याकडं आले आणि दारातच बोलायला लागले.

"बाई, तो कुलूप बघून गेलाय. मी दिलेलं उत्तरच ते, असं समजला असेल. मग परत कशाला येईल? म्हणजे मला तिकडं जायला पाहिजे. आणि मी तिकडं गेलो आणि हा इथं आला तर? तुम्ही सांगा, मी कुठं उभा राहू?"

मी त्यांना आत बसवलं आणि चहा टाकला.

पुढच्या दसऱ्याला उत्तर दिलं ते अक्कांनी. "तुम्ही घरी बसा. मी जाते," त्या म्हणाल्या. साडी घ्यायला हुबळीच्या दाजीबानपेठेत जायचं तरी ज्यांना सोबत लागे, त्या अक्का. माझी नणंद तेव्हा माहेरपणाला आली होती, तिच्याबरोबर जायचं ठरलं. अण्णांनी अंगणात अक्कांच्याच रांगोळीनं चौक आखला आणि त्यांना शिकवायला बसले. डावीकडं काय, उजवीकडं काय, संसद कुठल्या अंगाला. अक्का थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"मला इमारती नकोत," त्या म्हणाल्या. "पोरगं कुठनं येईल तेवढं दाखवा."

अण्णा रांगोळीची चिमूट धरून तसेच बसले. चौकाला वाटा कितीतरी होत्या.

त्या दसऱ्याला अण्णा दिवसभर सोप्यात बसून होते, दार सताड उघडं. विद्यार्थी आले, पानं दिली, पाया पडले. अण्णा पानं घेत, आशीर्वाद देत, आणि पाया पडणाऱ्याच्या पाठीवरून फाटकाकडं बघत. पोरांनाही ते कळत होतं. ती पटापट निघून जात होती. दिवेलागणीनंतर कुणी आलं नाही.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुकुंद आला नाही. जिवंत आहे की नाही, हेही आम्हाला कळलं नाही. त्या दसऱ्यानंतरही अण्णा माझ्या शेजारी कितीतरी वर्षं राहिले, निवृत्त झाले, खंगत गेले. पण डोळ्यांपुढं येतात ते अक्का दिल्लीहून परत आल्या त्या दिवशीचे.

नणंदेचा फोन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आला होता. अक्का निघाल्या, मिरजेला गाडी बदलून सकाळी पोचतील, एवढं बोलणं झालं आणि लाइन तुटली. पुढचं काहीच कळलं नाही, आणि तेवढ्या न कळण्यावर अण्णांनी सगळी उभारणी केली. सकाळी धुतलेला शर्ट घालून, दाढी करून तयार. मी सोबत गेले. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला त्यांनी थांबायला सांगितलं. "चौघंजण असू. सामानही असेल," म्हणाले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

गाडी आली. धारवाडला ती थोडाच वेळ थांबते, पुढं हुबळीला जाते. अक्का डब्याच्या दारात दिसल्या, पिशवी घेऊन सावकाश उतरल्या. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. अण्णांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली नाही. त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते त्यांच्या मागच्या दाराकडं बघत होते. एक शेतकरी उतरला, कॉलेजची दोन मुलं उतरली, मग कुणी उतरेना.

"मागनं कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही."

"झोपला असेल आत. लहानपणापासनं गाडीत झोप लागतेय त्याला."

"अहो, मी एकटीच आलेय."

"बघून येतो मी," ते म्हणाले, आणि दांडी धरून डब्यात चढले.

शिट्टी झाली. मी खिडक्यांशेजारनं चालायला लागले, मग पळायला. "अण्णा, उतरा, गाडी सुटली," मी ओरडत होते. आत ते बाकाबाकाशी थांबत होते. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचं पांघरूण हलक्या हातानं बाजूला करायचे, बघायचे, हात जोडून माफी मागायचे आणि पुढच्या बाकाकडं वळायचे. माझ्याकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. गाडीनं वेग घेतला आणि मी मागं पडले.

धापा टाकत परत आले तेव्हा अक्का फलाटावरच्या बाकावर बसल्या होत्या, पिशवी शेजारी ठेवून. स्टेशनमास्तरला सांगून पुढं हुबळीला निरोप पाठवू या, त्यांना तिथं उतरवून घेतील, असं मी म्हणाले.

"राहू दे बाई," अक्का म्हणाल्या. "हुबळीपर्यंत शोधू दे त्यांना."